अंगठ्याजवळची चीर

जेवून आडवा होतो. चार वाजता चौकशी समितीपुढे जबाबावर सही करायची आहे. पंख्याची घरघर लांब जाते, परत येते, आणि आता ती आमच्या प्रयोगशाळेतली आहे.

काचेच्या बंद पेटीपुढे हरेश्वर तांडेल उभा आहे. माझ्या पाळीतला. मार्चमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेला. पेटीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत त्याचे हात. आत बॉम्बसाठी साठवलेलं, आता नको झालेलं प्लुटोनियम. भुकटी मिसळायची, गोळ्या दाबायच्या. गोळ्या वीजघराला.

"या, सावेसाहेब. काय लिहिलंत? वाचा की."

'कै. तांडेल यांनी पाळीच्या सुरुवातीला हातमोजा तपासला नाही.'

"पुन्हा."

'...तपासला ना—'

"तपासला होता, हरामखोरा! अंगठ्याजवळ चीर होती. तुला बोलावून दाखवली."

किनाऱ्यावर बोंबील वाळत टांगलेत. बोंबलांमध्ये हातमोजे. हरेशची बायको सुमन एकेक काढते, प्रत्येकाचा अंगठा उन्हात धरून बघते.

"दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते," मी म्हणतो. "बॉम्बची वीज कशी होते ते बघायला. मोजा बदलण्यात अर्धी पाळी गेली असती."

"तू काय म्हणालास, तेवढं सांग."

"खालून दुसरा पातळ मोजा घाल आणि उरक."

"घातला. तुझ्या शब्दावर. शत्रूसाठी जपून ठेवलेलं शेवटी माझ्या छातीत गेलं. पाहुण्यांनी पेढे खाल्ले ना?"

पेढे समोर आहेत. व्यासपीठ, हार, बोंबलांचा वास. माईक माझ्या हातात.

"सुमनला काय सांगणारेस? नवरा निष्काळजी होता?"

"हरेश, नोकरीची दोनच वर्षं राहिलीत माझी."

"आणि माझी?"

तो माझी मनगटं धरतो आणि खेचून हात पेटीत कोंबतो. मोज्यांच्या तोंडाची गोल लोखंडी कडी दोन्ही दंडांत रुततायत. "शोध आता चीर. शोध!"

चाचपतो. सापडते. बोट आत जातं.

जाग येते. तीन वाजलेत. फोन उचलताना हात नीट वर जात नाहीत.

"सुमनवहिनी, चारला समितीपुढे या. हरेशने मोजा तपासला होता. मीच त्याला तसंच उरकायला सांगितलं. हे तुमच्यासमोर सांगायचंय मला."

पलीकडून सुमन: "सहा महिने कुठे होतात, भाऊजी?"

सदऱ्याच्या बाह्या वर करतो. दोन्ही दंडांभोवती गोल वळ आहेत, ताजे, आणि बघता बघता काळे पडतायत.