साहेबाचा चेंडू अन् सखूच्या गोवऱ्या

हाताले ओल्या शेणाचा वास आला की मले वलगावचं जुनं कुरण दिसते. कापसाच्या तेजीत एका गोऱ्या साहेबानं तिथं भोकं पाडून काठीनं चेंडू मारायचा खेळ मांडला होता. एकदा चेंडू माह्या बायकोच्या, सखूच्या, ओल्या गोवरीत रुतला.

"ए बाई, उचल गोवऱ्या! साहेबाची खेळाची जागा हाये," चपराशी ओरडला.

"काहून उचलू? कुरण गावाचं हाये," सखू म्हणाली. "चेंडू पडला तिथूनच मारता ना तुमी? मारा मंग!"

साहेबानं मारला. शेण मिशीपर्यंत उडालं. दुसऱ्या दिवशी भोकं नाल्यापलीकडं गेली.

यंदा सखू गेली. तिच्या जागेवर आता मीच गोवऱ्या थापतो. म्हातारा बाईचं काम करून राहिला म्हणून गाव हासते. हासू द्या. ती जागा मी सोडत नाही.