पीटीच्या सरांची ठोकळ्यातली शिट्टी

आत्याने एका गिऱ्हाइकाचं बोट रेझिनमध्ये ओतून त्याचा पेपरवेट विकला, असं आमच्या गल्लीत छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं! ते बोट तिच्याच हातमोज्याचं होतं, फाटून साच्यात पडलेलं. आणि तिने तो पेपरवेट विकला कुठे? खिडकीत ठेवलाय, समोरच्या काकूंना नीट दिसेल असा.

आत्याचा धंदा म्हणजे लोकांच्या लाडक्या वस्तू ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये कायमच्या बसवून देणं. बाळाचा पहिला दात, सुकलेली फुलं, बंद घड्याळ. त्या दिवशी मात्र पीटीच्या सरांची बायको रेझिनचा असाच एक ठोकळा छातीशी धरून धापा टाकत आली.

"अहो ताई, बाहेर काढा हो!"

"कोणाला?"

"शिट्टीला! परवाच नाही का तुम्ही बसवलीत?"

सर शनिवारी निवृत्त होणार, म्हणून बाईंनी त्यांची एकतीस वर्षांची पितळी शिट्टी गुपचूप उचलून भेटवस्तू करून घेतली होती. सरांचा शेवटचा सामना आजच चार वाजता आहे, एवढंच पाहायचं राहिलं. सरांनी सकाळपासून घर उलथंपालथं केलं होतं. ती शिट्टी नसेल तर मैदानात पाऊल टाकणार नाही, म्हणून हटून बसले होते.

"सांगून टाकू का त्यांना?" बाई रडवेल्या झाल्या.

"आधी मोठा श्वास घ्या," आत्या म्हणाली. "थांबा, थांबा! आधी मास्क लावा."

तिने खिडक्या उघडल्या, पंखा बाहेरच्या दिशेने वळवला, चष्मा चढवला आणि ठोकळा टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला. बाईंनी हातोडा पुढे केला.

"तो ठेवा खाली. शिट्टी काढायचीय, नारळ नाही फोडायचा."

करवतीने कडेकडेचं रेझिन उतरवलं, शिट्टीपासून बोटभर लांबच. मग हीट गनची गरम हवा जरा दुरून, फिरवत फिरवत. रेझिन रबरासारखं मऊ पडलं, की पातळ पटाशीने एक कपची. पुन्हा हवा, पुन्हा कपची. बाईंचं एकच पालुपद, "ताई, तीन वाजले."

मला राहवेना. "आत्या, शिट्टी निघेल, पण वाजणार नाही. पोटात रेझिन गेलंय तिच्या. लाव पैज!"

"लावली. हरलीस तर कपाखाली ठेवायचे ते रेझिनचे पन्नास कोस्टर पॉलिशपेपरने घासायचे."

साडेतीनला शिट्टी सुटली. आत्याने सुईने तिच्या भोकांतून मेण उकरलं आणि ती साबणाच्या गरम पाण्यात खळखळवली.

"पोकळ वस्तू ओतायच्या आधी भोकं मेणाने बुजवावी लागतात, नाहीतर बुडबुडे येतात. एका शब्दाने विचारलंस का?"

बाईंनी फुंकली. समोरच्या काकू दचकून गॅलरीत आल्या.

चारला सर मैदानात होते. शिट्टी सोफ्याखाली सापडली, असं त्यांना सांगण्यात आलं.

माझा तेविसावा कोस्टर चालू आहे. आत्याची नक्कल करायला तोंड नुसतं शिवशिवतंय, पण घासताना मास्क काढायचा नाही, असा तिचा हुकूम आहे.