दाजींची विहीर

आधीच सांगते, मला निसर्गवर्णन जमत नाही. मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून. वर मथळा, मग दोषी कोण ते, मग मागण्या, शेवटी झिंदाबाद. औरंगाबादला विद्यापीठाच्या नावासाठी आम्ही रस्त्यावर उतरलो, तेव्हा हेच केलं. दोनदा कोठडीत जाऊन आले. पोरगी हातची जाते की काय म्हणून वडलांनी मला शिकायच्या निमित्ताने ताईकडे धाडलं, अमेरिकेला. तेव्हा न्यू जर्सीच्या टेकड्या शरद ऋतूत कशा दिसतात ते दुसऱ्या कुणी लिहावं. मला विहिरीबद्दल लिहायचंय.

ताईचे यजमान, आमचे दाजी, मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांचे सगळे मित्र जर्सी सिटीत, ट्रेनजवळच्या अपार्टमेंटांत. दाजींनी मात्र पार आत, डोंगराच्या अंगाला, एक जुनं शेतघर घेतलं. तुरीची डाळ आणायला देशी दुकानांच्या आयसेलिनला जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. मित्र म्हणायचे, "यार, खेड्यातून सुटून अमेरिकेत आलास, आणि पुन्हा खेड्यातच?" दाजी नुसते हसायचे.

घर एका इटालियन माणसानं बांधलेलं. बोटीनं आला, रेल्वेच्या कामावर खपला, आणि मग आपल्या गावात असतात तसंच घर त्यानं इथं दगडावर दगड ठेवून उभं केलं. हातभर जाडीच्या भिंती, बारक्या खिडक्या, वर जायला बाहेरून जिना, अंगणात पाव भाजायची भट्टी, द्राक्षाचा मांडव, आणि तळघरात दुसरं स्वयंपाकघर. वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला, खालचं खरंखुरं रांधायला. ताईला ते फार आवडलं. फोडणी खाली द्यायची, वास वर येत नाही. त्या माणसाची म्हातारी मुलगी घर आम्हाला विकून रस्त्यालगतच्या लहान घरात राहायला गेली होती. पण द्राक्षाची पानं तोडायला ती न विचारता यायची, आणि ताईनं पडदे कसे लावलेत यावर नाक मुरडून जायची.

दाजींनी घर घेतलं ते या कशासाठीच नाही. त्यांनी ते मागच्या अंगणातल्या विहिरीसाठी घेतलं.

बांधीव विहीर, गोल, त्या इटालियनानं स्वतः खणलेली. वरची फळकुटं काढून दाजींनी काठ साफ केला, कंपनीतल्या लेथवर स्वतः रहाट बनवला, दोर आणि पोहरा लावला. घरातल्या नळांना पंपानं हेच पाणी यायचं, म्हणजे पोहऱ्याची काडीची गरज नव्हती. मी तसं बोलूनही दाखवलं. दाजी रहाटाला ग्रीस लावत होते. मान वर न करता म्हणाले, "आमच्या गावात विहीर एकच. माय आणि वस्तीतल्या बाया लांब घागरी मांडून बसायच्या. कुणाला वाटलं तर वरून ओतायचे. नाही वाटलं तर ऊन उतरेपर्यंत बसायचं. मायनं आयुष्यात विहिरीत पोहरा सोडलेला नाही, मेव्हणीबाई. ती इथं येऊन सोडेल."

एवढंच. मी यावर चार पत्रकं लिहिली असती. दाजी पुन्हा रहाटाकडे वळले.

आमच्याकडे मोठा सण बुद्धपौर्णिमा. त्या वर्षी दाजींनी अंगणात जेवण ठेवलं आणि मराठी मंडळींना बोलावलं, आपले आणि इतरही. त्यात पुण्याचे एक काका-काकू होते, सदाशिव पेठेतले, मनानं चांगले. दाजींनी त्यांच्यासमोर पोहरा ओढला, स्टीलच्या तांब्यात पाणी ओतून दिलं. काकू प्यायल्या. म्हणाल्या, "अगंबाई, अगदी नारळाच्या पाण्यासारखं!" काकूंचा घोट घशाखाली उतरेपर्यंत दाजी त्यांच्याकडे बघत उभे होते. मग स्वतः जाऊन त्यांनी काकूंना दुसऱ्यांदा जिलबी वाढली.

मायचं तिकीट काढून झालं. आणि त्यानंतर कौंटीच्या आरोग्य खात्याचा माणूस आला.

खालच्या बाजूच्या कुणाच्या तरी नळाला वास येत होता, म्हणून त्यांनी अख्ख्या रस्त्यावरच्या विहिरी तपासल्या होत्या. घर घेताना आम्हीही पाणी तपासलं होतं, पण ते जंतूंसाठी. हे निराळं निघालं. टेकडीवर पूर्वी एक लहानसा कारखाना होता, यंत्रांचे सुटे भाग बनवायचा. तेलकट भाग ज्या द्रावणात धुवायचे, ते वर्षानुवर्षं मागच्या खड्ड्यात ओतत होते. ते झिरपत झिरपत खाली आलं. त्या माणसानं गाडीतून प्लॅस्टिकचे मोठे कॅन आणले होते, ते ओट्यावर नीट मांडले. म्हणाला, विहिरीचं पिऊ नका, त्यात रांधू नका, आंघोळ करताना वाफ बाहेर जायला खिडकी उघडी ठेवा. मला फार वाईट वाटतं, असंही म्हणाला. आणि त्याला खरंच वाटत होतं.

माझी भाची कॅनला हात लावून बघत होती. "मावशी, इज इट पॉयझन?"

दाजीच बोलले, "नो. इट्स जस्ट नॉट फॉर ड्रिंकिंग."

मी पेटून उठले. हे तर माझं काम! कारखानदार कोण? तर तो मेला होता. मुलं? मूल नाही. कारखाना? बंद. दाराला कुलूप, खिडक्या फुटलेल्या, आवारात हरणं चरत होती. आता मुर्दाबाद म्हणायचं कुणाला, हरणांना?

तरीही मी इंग्रजीत पत्रक लिहिलं, कॉलेजच्या मशिनवर प्रती काढल्या आणि सुपरमार्केटच्या दाराशी उभी राहिले. आमच्याकडे पत्रक दिलं की माणूस निदान फाडून तोंडावर फेकतो, शिवी देतो, मग आपल्यालाही बोलता येतं. इथं प्रत्येक जण ते हातात घ्यायचा, "थँक यू, हनी" म्हणायचा, आणि घडी करून पिशवीत ठेवायचा. टाउनशिपच्या सभेत मला माइकवर बोलायला वेळ दिला. घसा कोरडा पडेस्तोवर बोलले. अध्यक्षबाई म्हणाल्या, मन मोकळं केल्याबद्दल आभारी आहोत, आम्ही चौकशी करतो आहोत. पुढचा विषय, पानगळीत पानं उचलायची गाडी. त्यावर मात्र लोक कडाकडा भांडले.

माझ्याशी भांडली ती एकटी म्हातारी. पत्रक हातात धरून अंगणात आली, माझ्यासमोर टराटरा फाडलं आणि जी सुरू झाली! तिच्या बापानं खणलेली विहीर, जन्मभर हेच पाणी प्यायली, आजही तिच्या लहान घराच्या नळाला हेच येतं, आणि परवा आलेली पोरगी तिला विष म्हणते? अर्धं इटालियनमध्ये होतं, पण मला सगळं कळलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. कुणीतरी शेवटी पत्रक फाडलं होतं. पण माझी लढाई तिच्याशी नव्हती, आणि तिची ज्याच्याशी असायला हवी होती तो कबरीत होता.

दाजी या सगळ्यात नव्हतेच. मी त्यांच्यावर घसरले. "तुमची विहीर आहे, आणि तुम्ही गप्प?"

"ओरडून काय करू? आमच्या वर्कशॉपमध्ये पण पार्ट त्याच द्रावणात धुतात. मी धुतलेत या हातांनी."

"मग तुमच्या कंपनीविरुद्धही काढते पत्रक."

"काढ की. मग माझी नोकरी जाईल, सगळेच औरंगाबादला जाऊ आणि क्रांती चौकात वाटत बसू."

ताई हसली. मीही हसले. दाजी मात्र हसले नाहीत.

मग पुण्याच्या काकूंचा फोन आला. कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं. "आम्ही तुमच्याकडचं पाणी प्यायलो होतो हो त्या दिवशी. काही होणार नाही ना? माझ्या मनातून जातच नाहीये." दाजी म्हणाले, "नाही काकू, एखाद्या तांब्यानं काही होत नाही, मी विचारून घेतलंय." फोन ठेवला आणि तिथंच खुर्चीवर बसून राहिले. काकूंचं काहीएक चुकलं नव्हतं. कुणीही विचारलं असतं, मीही विचारलं असतं. हीच तर पंचाईत होती. त्या वाक्याबद्दल चिडायची सोय नव्हती, आणि दाजींना ते ज्या जुन्या आवाजात ऐकू आलं होतं त्यावर इलाज नव्हता.

ताईचं म्हणणं, मायला आधीच सांगा. दाजी म्हणाले, "गावात फोन एकच, शाळेच्या गुरुजींच्या घरी. तिथं ट्रंक कॉल लावून, अर्ध्या गावासमोर सांगू?" आणि राहिलं.

माय आली. विमानतळापासून घरापर्यंत गाडीत बाहेर बघत बसली, बोलली फारसं नाही. घरी आल्यावर चहासुद्धा घेतला नाही. "कुठं हाय?" एवढंच विचारलं आणि मागच्या अंगणात निघाली. विहीर दिसली तशी थांबली. लांबच चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि पुढं यायलाच तयार नाही. इथं कुणी पाहणारं नव्हतं. तिचे पायच उचलेनात.

"ये की माय. आपलीच आहे."

मग आली. दगडावर हात फिरवला. दोर हातात घेतला आणि पोहरा सोडला. रहाट कुरकुरला नाही, दाजींनी आदल्याच दिवशी ग्रीस लावलं होतं. पोहरा वर आला, तिनं काठावर टेकवला, ओंजळ भरली, आणि ओंजळ तोंडाकडे नेली.

दाजींनी तिचं मनगट धरलं. पाणी तिच्या पायांवर सांडलं.

"माय, या विहिरीचं पाणी प्यायचं नाही."

हे वाक्य तिनं जन्मभर ऐकलं होतं. दाजींना ते तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

मायनं पोहऱ्यात वाकून पाहिलं. "कामून रे? पाणी तर काचंवानी हाय."

"दिसत नाही ते, माय. मशीनलाच दिसतं."

"आमच्या हातानं काय बाटायचं, ते बी कुणाला दिसत नव्हतं बाबा." मग माझ्याकडे वळली. "तू लई भांडखोर हाय म्हणं. तू सांग. गोऱ्याची विहीर याच्या हाती आली अन् लगेच पाणी नासलं व्हय?"

मी ते कसं सांगू? तिचा प्रश्न अगदी माझ्या पत्रकांतला होता. आणि उत्तर असं होतं की नाही, माय, या वेळी कुणी आपल्याला अडवत नाहीये, ती गोरी म्हातारीसुद्धा हेच पाणी पिऊन बसलीय, आपण येण्याच्या किती आधीपासून हे झिरपतंय. मी सांगत होते, समजावत होते, आणि बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारी खात्याची बाजू मांडतेय. मायनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं." आमच्या वस्तीवर तहसीलदार येऊन गेला की लोक म्हणतात तसलं बरं.

पानं गळेपर्यंत ती राहिली. विहिरीचं प्यायली नाही, कॅनमधलंच प्यायली. पण रोज सकाळी जाऊन एक पोहरा ओढायची, थोडा वेळ बघायची आणि परत विहिरीत सोडायची. दाजींनी रहाट काढून टाकतो म्हटलं, तर म्हणाली, "हात लावू नको."

जायच्या दिवशी तिनं एक बाटली मागितली. विहिरीवर जाऊन स्वतः भरून आणली, बूच घट्ट लावलं आणि लुगड्याच्या घडीत ठेवली. दाजी घाबरले. "माय, पिशील."

"पीत नाही रे. वस्तीतल्या बायांला दाखवीन नुसती. माझ्या लेकाच्या विहिरीचं पाणी म्हणून."

ती वेणी घालायला आत गेली, तेव्हा दाजींनी बाटली काढली, अंजिराच्या झाडाजवळ रिकामी केली, साबणानं पुन्हा पुन्हा धुतली, कॅनमधलं दुकानचं पाणी भरलं आणि होती तशी घडीत सारली. मी दारात उभी होते. त्यांनी मला पाहिलं, मी वाटेतून बाजूला झाले. दुसरं करण्यासारखं काय होतं?

यंदा मी शिक्षण संपवून परत आले. मायला भेटायला गावी गेले, तर वस्तीच्या तोंडाशीच बायांनी गाठलं. मायनं ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि सगळ्यांच्या देखत सांगू लागली, "पाणी नुसतं दाखवायलाच आणलं होतं, पोरी. पण या कशाच्या ऐकतात! एवढ्या लांबून आलेलं, आपल्या लेकाच्या विहिरीचं. एकेकीनं घोट घोट घेतला. मग मी बी घेतला."

"लई गोड होतं," एक म्हातारी म्हणाली.

"झालं का कुणाला काही? सांग! हगवण नाही की ताप नाही. मी तवाच म्हणलं होतं, ते गोरे लबाड बोलतात. माझ्या लेकाला भेवडून ठेवलंय, त्याच्याच विहिरीवर." तिनं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत असा आनंद मी अमेरिकेत एकदाही पाहिला नव्हता. "तू लिहिणारी हाय ना? त्याला लिही. माय म्हणती, भेऊ नको, बिनघोर पी म्हणावं."

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगितलं तर दाजींनी बाटली बदलली हे सांगावं लागणार होतं. या बायांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या विहिरीचं पाणी चाखलं, आणि ते दुकानचं निघालं, हे सांगावं लागणार होतं. नाही सांगितलं तर मायचा निरोप तसाच उभा, आणि पुन्हा कधी तिकडे गेली तर ती स्वतः ओंजळ भरून पिणार.

मी चहा प्यायले. माय विचारत होती, "लिहिशील ना?"