अण्णांच्या चाकाला लाल टॅग

चहा घ्या आधी. किस्सा सुरू झाला की तुम्ही हसत सुटणार आणि चहा गार होणार. आणि हसा हो बिनधास्त! त्या दिवशीचा गाढवपणा माझा मी केला, कुणी करायला लावला नव्हता.

तेव्हा मी पिंपरीच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट असेल. लग्न नवं, नोकरी नवी आणि खिशात टॅगांचा गठ्ठा. मशीनवरून आलेला माल तपासायचा. दुरुस्त होण्याजोगा असेल तर पिवळा टॅग, भंगारात काढायचा असेल तर लाल. पिवळे टॅग माझ्या टेबलावर धूळ खात पडलेले असायचे. केसाएवढा फरक दिसला की लाल! काय तो माझा रुबाब!

टूलरूमचे अण्णा यावरून जाम वैतागायचे. कंपनी उघडली तेव्हापासूनचा माणूस, हातात जादू.

"अरे इन्स्पेक्टर, जरा ठोकलं की सरळ होतंय ते. पिवळा लाव की!"

"नियम म्हणजे नियम, अण्णा."

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण नाही! साहेबांच्या मागे लागून मी एक नवा नियम करून घेतला. लाल टॅगची वस्तू गेटजवळच्या पिंजऱ्यात कुलूपबंद होणार आणि टूलरूमच्या, म्हणजे अण्णांच्या सहीशिवाय बाहेर येणार नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे त्यानेच माझी मान पकडली.

अण्णांना एक खोड होती. स्वतःच्या प्रत्येक वस्तूवर बारीक अक्षरांत नाव कोरायचं. जेवणाचा डबा, हातोडी, छत्रीची मूठ, काही सोडलं नाही. आणि जीव की प्राण म्हणजे त्यांची मोटरसायकल. नंबर लावून पाच वर्षांनी मिळालेली. रोज पुसणार, आणि कुणाला हात लावू देणार नाहीत. सख्ख्या जावयाला दिली नाही हो!

आणि मला दिली! आमची मंदा माहेरी गेली होती, निघोज्याला. लग्नानंतरचा पहिला दसरा, तिला आणायची होती. अण्णा आपणहून म्हणाले, "एसटीने धक्के खात आणतोस काय बायकोला? गुरुवारी सुट्टीच आहे, ने गाडी. शनिवारी खंडेनवमी. सकाळी पूजेला तेवढी माझ्या दारात आण, म्हणजे झालं."

माझे तर डोळेच भरून आले. ज्या माणसाच्या मालावर मी वर्षभर लाल टॅग लावले, त्याने मला गाडी द्यावी?

येताना काळेवाडीच्या अलीकडे पुढचं चाक पंक्चर होऊन बसलं. झाडाखाली एक टायरवाला होता, किसन त्याचं नाव. आजूबाजूला सगळी ट्रकची टायरं.

"मोटरसायकलचं जमेल ना रे?" मी विचारलं.

"आवो सायेब, आमी ट्रकची टायरं काढतो. ह्ये तर खेळणं हाय!" त्याने मंदाकडे बघितलं. "ताई कुठल्या म्हनायच्या?"

"निघोज्याच्या."

"काय सांगता! माझी मावशी दिली हाय निघोज्यात! मंग तुमी आमचे दाजी झाला की वो!"

झालं! मावशीचं घर, मावशीचे बैल, मावशीच्या दिराचं मोडलेलं लग्न... तोंड मंदाकडे आणि हात चाकावर. तेही कशाने? ट्रकचं टायर उचकटायच्या पहारीने! आणि मी, कंपनीचा नावाजलेला इन्स्पेक्टर, काय करत होतो? "मग लग्न का मोडलं?" असं विचारत होतो!

काम झालं. मी खिशात हात घातला तर किसन कानाला हात लावून म्हणतो, "बहिणीकडनं पैसं घेऊ व्हय? पाप लागंल!" वर मंदाच्या ओटीत दोन पेरू घातले.

गाडी चालू केली, तर हँडल डुगडुगायला लागलं. उतरून बघतो तर रिंगची कड दोन ठिकाणी वाकलेली आणि चाक लंगडतंय! आता सांगा, ज्याने बायकोला बहीण मानलं, पेरू दिले, त्याच्याशी भांडायचं कसं? मी "येतो हं" म्हणून हात जोडले आणि निघालो.

घरी पोचल्यावर मंदा म्हणाली, "अण्णांना सरळ सांगून टाका."

"वेडी आहेस का? त्यांच्या केसाएवढ्या चुकीला मी लाल टॅग लावतो, आणि आता त्यांच्या दारात वाकडं चाक नेऊन उभं करू? गाडी देणं राहू दे, तोंडसुद्धा बघणार नाहीत माझं!"

खरं सांगू? भीती त्याचीच होती. माझे वडील लवकर गेले. अण्णांनी ती किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा मला काय वाटलं होतं, ते मला ठाऊक. तो माणूस मला गमवायचा नव्हता.

शुक्रवारी अण्णा रजेवर होते, पूजेच्या तयारीला. मी बेत केला की चाक गुपचूप कंपनीत न्यायचं, टूलरूममधल्या कुणाकडून तरी सरळ करून घ्यायचं आणि अण्णांना पत्ता लागू द्यायचा नाही. चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन कंपनीच्या बसमध्ये बसलो. बाळ आहे का म्हणून दोघांनी वाकून बघितलं.

गेटवर शिंदे हवालदार. मिलिटरीतून आलेला, साताऱ्याकडचा कडक माणूस.

"काय आहे हे साहेब?"

"सॅम्पल," मी ठोकून दिलं. "तपासायला आलंय. अर्जंट."

"मग टॅग कुठाय?"

मी खिशात हात घातला. निघाला लालच! दुसरे मी बाळगतच नव्हतो ना! लिहिला, वर मोठ्या अक्षरांत 'अर्जंट', आणि बांधला चाकाला. हवालदारांनी चाक उचललं, पिंजऱ्यात ठेवलं आणि कुलूप लावलं.

"अहो, हे काय?"

"लाल टॅग आहे साहेब. अण्णांची सही पाहिजे. तुमचाच नियम."

"अहो पण अण्णा रजेवर आहेत!"

"काळजीच करू नका साहेब. अर्जंट आहे ना? आत्ता जीप पाठवतो त्यांच्या घरी!"

मी नको नको म्हणेपर्यंत जीप गेलीसुद्धा! अर्ध्या तासात अण्णा हजर. लेंगा, सदरा, बोटांना ओलं कुंकू. पाटावर हत्यारं मांडत होते, तसेच उठून आले होते.

पिंजरा उघडला. अण्णांनी चष्मा चढवला, चाक हातात घेतलं, एकदा फिरवलं.

"कुणाचं आहे?"

"एक... बाहेरची पार्टी आहे."

"लाल लावलास?"

"हो."

"नेहमीसारखाच." आणि चाक घेऊन टूलरूममध्ये गेले.

तीन तास, महाराज! रजेचा दिवस, पूजेची तयारी अर्धवट, जेवण नाही. लाकडी हातोडीने हळूहळू कड सरळ केली, एकेक आरा आवळला. मी बाजूला उभा, आणि अण्णा आपले स्वतःशीच बोलावं तसं बोलतायत.

"ट्रकच्या टायरवाल्याकडे गेली होती वाटतं ही पार्टी."

"असेल."

"आणि तो ठोकत होता तेव्हा पार्टी गप्पा मारत बसली असणार."

"अं... शक्य आहे."

"कुणाची तरी जीव लावलेली गाडी असेल रे."

आत्ता बोलावं, आत्ता बोलावं असं दहा वेळा वाटलं, पण तोंड उघडेल तर शपथ! शेवटी अण्णांनी सही केली, हात धुतले आणि निघून गेले.

संध्याकाळी चाक बसवलं, गाडी आरशासारखी पुसली. सुटलो बुवा!

शनिवारी सकाळी मंदाला घेऊन अण्णांच्या दारात गाडी उभी केली. अण्णांनी झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मग म्हणाले, "इन्स्पेक्टर, चाकालाही कुंकू लाव. मधोमध, हबवर."

मी वाकलो. कुंकवाचं बोट टेकवतो तर खाली बारीक अक्षरं. कोरलेली.

'अण्णा.'

अहो, काढताना, नेताना, बसवताना, दोन दिवस ते चाक माझ्या हातात होतं! माल तपासण्याचा पगार घेत होतो मी!

"अण्णा... चुकलो मी."

"चाक वाकलं त्याचं काही नाही रे. ठोकलं, सरळ झालं. पण मला सांगायला भ्यालास, त्याचं वाईट वाटलं. एवढा परका आहे का मी?"

मी पायावर डोकं ठेवलं. उठलो तर अण्णांनी खिशातून एक टॅग काढून माझ्या सदऱ्याच्या गुंडीला बांधला. पिवळा! वर लिहिलेलं: 'माल: इन्स्पेक्टर, एक नग. दोष: तोंड वेळेवर उघडत नाही. शेरा: फेकू नये, दुरुस्त होईल.'

मंदाने तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, "पण अण्णा, कधीपर्यंत? तारीख नाही घातली."

अण्णा म्हणाले, "ते टूलरूमचं काम नाही पोरी. हा माल आता तुझ्याकडे पाठवला."

त्याला झाली की पुष्कळ वर्षं. अण्णा गेले, ती गाडीही गेली. टॅग तेवढा मंदाने जपून ठेवलाय, आणि घरी कुणी आलं की तो कुठे ठेवलाय ते ती विसरली असेल अशी आशा करत मी बसतो. ती बघा, कप न्यायला म्हणून आली. हातात काय आहे? पिवळंच ना? तारीख विचारू नका तिला, काम अजून चालू आहे म्हणते.