काकांचं छापील ‘नाही’

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण ‘नाही’ म्हणायला लागू नये म्हणून ज्यानं घरात छापखाना घातला, असा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच, आणि तो म्हणजे कासार आंबोलीचे आमचे घरमालक काका. दोन हजार पाचच्या आसपास मी पिरंगुटच्या एका कंपनीत नोकरीला होतो आणि काकांच्या पडवीलगतच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. काका गॅसच्या शेगडीला घाबरत, स्वतःच्या बैलाला घाबरत, बसच्या कंडक्टरला तर इतके घाबरत, की स्टॉप मागे पडला तरी ‘थांबवा’ म्हणायचा धीर होत नसे. पौडपर्यंत जाऊन बिचारे चालत परत येत. पण ही सगळी भीती किरकोळ. खरी धडकी ‘नाही’ म्हणायची. विहिरीचं गोड पाणी पिणाऱ्या त्या घरात पाणी गाळायची तीन यंत्रं होती, कारण तीन विक्रेते येऊन गेले होते. एकाच मुहूर्तावरच्या तीन लग्नांना त्यांनी “येतो की” म्हणून सांगितलं, आणि त्या दिवशी सकाळपासून गोठ्यात पेंढ्यामागे लपून बसले. काकू भाकरी तिथेच नेऊन देत आणि विचारत, “तोंडाला काय कुलूप लावलंय का तुमच्या?”

पिरंगुटला कामगारांचे टी-शर्ट छापणारं एक दुकान होतं. तिथे आठवडाभर बसून काका ती विद्या शिकून आले. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणायचं, अक्षरांपुरती जाळी मोकळी ठेवून बाकीची बुजवायची, वर शाई ओतून रबरी पट्टी ओढली की खाली अक्षरं उमटतात. ओढताना चौकट हलली तर सगळं फराटतं, म्हणून ती धरायला दुसरा माणूस लागतो. दर रविवारी तो मी. जे तोंडानं बोलवत नव्हतं ते काका शर्टांवर छापू लागले: ‘आज जमणार नाही’, ‘यंत्र नको’, ‘पंप मिळणार नाही’. आणि कोणी वाचलं तर राग येईल, या भीतीनं वरून स्वेटर घालू लागले! ऐन वैशाखात घामाच्या धारा लागलेल्या, आत ‘पंप मिळणार नाही’, आणि पंप शेजाऱ्याच्या विहिरीवर. एक चौकट मात्र त्यांनी तयार करून गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. तिला शाई कधी लागलीच नव्हती. मी विचारलं की म्हणत, “असू द्या, पावणं. तिचं लई भ्या वाटतंय.”

भावांनी आपापली रानं केव्हाच विकली होती. चारी बाजूंनी बंगल्यांची कुंपणं आली होती आणि मधे काकांचं ओढ्याकाठचं भाताचं खाचर तेवढं उरलं होतं. एजंट आला तर हा माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होणार, हे काकूंना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि सगळ्यात जास्त खुद्द काकांना. दारात एखादी गाडी थांबली, की काकू हातातलं काम टाकून उंबऱ्यात येऊन उभ्या राहत.

आणि भाताची लावणी आटोपल्यावर एका रविवारी तो आलाच. गोडबोल्या, कागद तयार करूनच आणलेला. “काका, बाकीचं सगळं मी बघतो. तुम्ही फक्त सही करा.” पेनही त्यानंच काकांच्या हातात दिलं. काकूंनी माझं मनगट असं आवळलं, की त्यांची नखं रुतली. गेलं खाचर! काकांनी पेन कागदाला टेकवलं. मग उचललं, खाली ठेवलं, आत गेले आणि ती गोणपाटातली चौकट आणि एक कोरा कागद घेऊन आले.

“शेठ, जरा येवढी धरता का? हलू द्यू नका.”

म्हाताऱ्याचा हट्ट पुरवावा तसा तो हसत दोन्ही हातांनी चौकट दाबून बसला. काकांनी शाई ओतली, पट्टी ओढली. चौकट उचलली. पांढऱ्या कागदावर लालभडक अक्षरं: ‘हे रान विकायचं न्हाई.’

एजंटनं वाचलं. पुन्हा वाचलं. काकांनी डोळे गच्च मिटून घेतले होते, आता हा मारतोय की काय, अशा धास्तीनं.

“अहो काका, मग तोंडानं सांगायचं की!”

“त्येच तर जमत न्हाई, शेठ. च्या घ्या की.”

चहा न घेताच तो निघून गेला. काकू डोळे पुसत, हसत आत गेल्या. काका मात्र पायरीवर बसकण मारून राहिले. मला वाटलं, आता तरी भीती गेली असेल. कुठली जायला!

“पावणं, बराबर केलं न्हवं? उद्या पोरं म्हनतील, म्हाताऱ्यानं वाटोळं केलं. तुमच्याकडं बी रान व्हतं न्हवं? वडलांनी इकलं, तवा तुमी काय म्हनला?”

वडिलांनी कंपनीत फोन करून विचारलं होतं. समोर साहेब उभे होते, म्हणून मी घाईघाईनं “टाका विकून” म्हणालो होतो. हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं, काकांना सांगितलं.

“मग आता काय करत्यात वडील?”

“लातूरला भावाच्या फ्लॅटमध्ये असतात. पहाटे पाचला उठून मुंडासं बांधतात, खाली गेटपर्यंत जातात. थोडा वेळ उभे राहतात आणि परत येतात.”

काका उठले आणि “चला, पानी बघून यू,” म्हणत खाचराकडे चालू लागले. मी बांधावरून त्यांच्या मागे गेलो. त्या संध्याकाळी वडिलांशी बोलावं म्हणून मी टेलिफोनच्या बूथपर्यंत गेलो होतो. ते काय म्हणतील या भीतीनं थोडा वेळ बाहेर उभा राहिलो, आणि तसाच परत आलो.