टाकीला परतीची नळी

आमच्या यांना धक्क्यावर सगळे 'थेंबमास्तर' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि यांना ते चालतंही. इंजिनाचा कुठलाही जोड आवळला की हे त्याच्याखाली कोरा कागद ठेवतात. तासाभरानं येऊन बघतात, आणि कागदावर डिझेलचा एक ठिपका जरी दिसला तरी सगळं पुन्हा सोडतात. घरातही तीच तऱ्हा. न्हाणीतला नळ ठिबकतोय असं कानावर आलं तर भरल्या ताटावरून उठतील. या माणसापायी मी कितीदा डोक्याला हात लावला असेल, पण यांनी केलेलं काम दुसऱ्या कुणाला निस्तरावं लागलं असं एकदाही झालं नाही.

बोट यांची आणि माझ्या धाकट्या भावाची, निम्मीनिम्मी. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं, सायकली, भाजीच्या पाट्या न्यायच्या. भाऊ वर सुकाणूवर, हे खाली इंजिनापाशी. भाऊ उतारूंना हसवत नेणारा. हे दिवसाकाठी दहा वाक्यं बोलले तर खूप. परवाना मात्र एकट्या भावाच्या नावावर, कारण कचेरीतल्या माणसानं सांगितलं की सुकाणू धरणाऱ्याचंच नाव लागतं. तेव्हा हे जरा घुटमळले होते. मीच म्हटलं, माझा सख्खा भाऊ आहे, परका थोडाच आहे. हे वाक्य माझं. ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी भाऊ घरी आला. आता नवं इंजिन घेऊ या म्हणाला. जुनं इंजिन धापा टाकत होतंच, त्यामुळे हे लगेच सरसावून बसले. भाऊ म्हणाला, इंजिन यायला वेळ आहे, पण तोवर टाकीला परतीची नळी जोडायची सोय करून ठेवा. ती काय भानगड, असं मी विचारलं तेव्हा यांनी माझ्यासाठी त्या दिवसाची दहाच्या दहा वाक्यं खर्च केली. इंजिन ओढतं तेवढं सगळं डिझेल जाळत नाही. उरलेलं परत पाठवतं. आमच्या जुन्या इंजिनात ते वाटेतल्या गाळणीपाशीच वळवलेलं होतं. नव्या इंजिनाचं गरम होऊन येतं, भरपूर येतं, ते थेट टाकीतच सोडावं लागतं.

भावानं पितळी फिटिंग बरोबरच आणलं होतं. यांनी ते हातात फिरवून बघितलं आणि म्हणाले, एवढ्या जाड नळीचं कशाला? एवढं मोठं इंजिन आपल्या बोटीच्या बैठकीवर बसायचं नाही. भाऊ म्हणाला, बैठक वाढवू की, दाजी. झालं. त्या दुपारी हे कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नव्या बैठकीची मापं काढत बसले. मी इतक्या वर्षांत यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं, ते त्या दुपारी ऐकलं.

जाताना भाऊ मला दारात म्हणाला, ताई, शनिवारपर्यंत होऊ दे, तू जरा मागे लाग त्यांच्या. आणि मी लागले. रोज लागले. हे म्हणायचे, घाई कसली आहे, इंजिनाचा तर पत्ता नाही. मी म्हणायचे, तुमचं नेहमीचंच, कामाला हात लावायला मुहूर्त लागतो.

दुसरा कुणी असता तर टाकीवरच भोक पाडून मोकळा झाला असता. यांनी डिझेल कॅनमध्ये काढलं, टाकीचं वरचं झाकण नटबोल्ट सोडून घरी आणलं आणि मागच्या ओट्यावर ठेवलं. झाकणाचं एक टोक मी धरलं, दुसरं पायाखाली दाबून यांनी ड्रिल चालवलं. ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासलेलं, म्हणजे लोखंडाचा कीस त्यालाच चिकटतो. डिझेल ओढून घेणाऱ्या नळीपासून जितकं लांब जमेल तितक्या लांब भोक पाडलं, आटे काढले, फिटिंग बसवलं. आतल्या बाजूनं टाकीच्या तळापर्यंत जाणारी नळी जोडली, नाहीतर परतलेलं डिझेल वरून पडून फेसाळतं आणि इंजिनात हवा शिरते. दोन दिवस माझ्या हाताचा ग्रीसचा वास गेला नाही.

शनिवारी मी डबा घेऊन धक्क्यावर गेले. झाकण बसलं होतं, टाकी भरली होती, खाली कागद अंथरलेला. हे उकिडवे बसून त्याच्याकडे बघत होते. तेवढ्यात भाऊ आला, बरोबर स्वच्छ बूट घातलेला एक माणूस. त्या माणसानं इंजिनाकडे पाहिलंही नाही. वाकून फिटिंग चाचपलं, कागद पाहिला आणि भावाला म्हणाला, तुम्ही म्हणालात तसं झालंय, सोमवारी बोट घेऊन जातो. मग यांच्याकडे वळून म्हणाला, "मिस्त्री, काम चोख आहे. तुम्ही पण बोटीबरोबर येणार असं हे म्हणत होते. माझं इंजिन मोठं आहे, सांभाळायला माणूस हवाच."

माझ्या हातातला डबा मी खाली ठेवला.

हे सावकाश उठले. भावाला विचारलं, "कधी ठरलं?"

"महिना झाला."

"मला का नाही सांगितलंस?"

भावानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली. "दाजी, सांगितलं असतं तर तुम्ही हे फिटिंग बसवलं असतं का?"

मी तोंडाला येईल ते बोलले. धक्क्यावरची माणसं गोळा झाली, मला फिकीर नव्हती. भाऊ म्हणत राहिला की परवाना माझ्या नावावर असला तरी विक्रीची निम्मी रक्कम तुम्हाला मिळेल, ताई, मी काय चोर आहे का. यांनी मात्र त्या परक्या माणसाला नळीतली हवा कशी काढायची ते नीट समजावून सांगितलं, आणि हत्यारं पेटीत भरली. त्याचा मला भावाइतकाच राग आला. फसवणाऱ्याला आणखी शिकवायचं कसलं?

घरी येईपर्यंत मी भावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या माझ्याही आहेत हे माझ्या लक्षात आलं नाही. हे पेटी खांद्यावर घेऊन पुढे चालत होते. घरात आल्यावर पेटी कोपऱ्यात ठेवली, हातपाय धुतले, पाटावर बसले. मी ताट वाढलं. यांनी ताटाला हात लावला नाही. माझ्याकडे वर बघून, आवाज जराही न चढवता म्हणाले, "शनिवारच्या आत व्हायलाच हवं म्हणून तू रोज मागे लागली होतीस. तुला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "नाही. तुमची शपथ, नाही."

"बरं," असं म्हणून हे जेवायला लागले.

या गोष्टीला वर्ष झालं. भावाशी मी बोलत नाही, बोलणारही नाही. त्यानंतर हे मला एका शब्दानंही लागेल असं बोललेले नाहीत. फक्त हल्ली मी कुठलंही काम लवकर करा म्हटलं की हे हातातलं थांबवतात आणि विचारतात, कोणी सांगितलंय?