दादाच्या हातची गाडी

ट्रक घ्यायचा की नाही हे ठरत नव्हतं, तोवर तिने घरातल्या सगळ्या बरण्या दोनदा पुसून काढल्या. पुसायला बरण्या उरल्या नाहीत तेव्हा ती पडदे काढायला स्टुलावर चढली.

"अगं, खाली उतर," नवरा म्हणाला. "दादांना काय कळवू ते सांग."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? भाऊ तुझा."

झालं! हेच वाक्य तिला नको होतं. ट्रक घेतला आणि रस्त्यात बंद पडला, तर जन्मभर 'तुझ्या भावाची गाडी' ऐकावं लागणार. साधं चाक पंक्चर झालं तरी तेच. नाही घेतला, तर सख्ख्या बहिणीनेच नाकारलेला ट्रक दुसरं कोण घेईल? दोन्हीकडून पाठ तिचीच शेकणार होती.

त्यांचा धंदा लोकांची घरं हलवण्याचा. कपाटं, पलंग, फ्रीज हे नवरा आणि त्याची माणसं उचलत. काचसामान मात्र फक्त तिने बांधायचं, असा ठराव होता. एकेक कप ती रद्दी पेपरात अशी गुंडाळायची की जणू तान्हं बाळ दुपट्यात घालतेय. मग खोकं कानाशी धरून हलवायचं. आत जरा किणकिणलं की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. कामावरची माणसं तिला 'काचताई' म्हणत आणि तिच्या खोक्यांपासून चार हात लांब राहत.

ट्रक मात्र दर वेळी भाड्याचा. तो यायचा त्याच्या मर्जीने, आणि तोवर गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं राहून शिव्या घालायचं. स्वतःचा ट्रक असावा हे नवऱ्याचं जुनं स्वप्न. आता दादा आपला विकायला निघाला होता. आयुष्यभर क्लच दाबून त्याचा डावा गुडघा कामातून गेला होता आणि डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली होती. ट्रक एवढा चाललेला, की मीटरचे आकडे एकदा संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाले होते. वहिनीचा रोज फोन यायचा. "घे गं बाई एकदाचा. परक्याला द्यायला ह्यांचं मन होत नाही. घरात गेला तर सुटतील तरी."

मेस्त्रीला दाखवावा, तर नवरा कानाला हात लावायचा. "बायकोच्या थोरल्या भावाची गाडी मेस्त्रीकडून तपासून घेऊ? तोंड दाखवायला जागा राहील का?"

बरं, दादा खोटं बोलणाऱ्यातला नव्हे. लहानपणी शेजारची काच फोडली, तर कुणी विचारायच्या आत स्वतः जाऊन सांगून आला होता. तो म्हणत होता, "काही त्रास नाही गाडीचा. डोळे मिटून घ्या." मग मनाला टोचत होतं ते काय? ते तिचं तिलाही कळेना.

शेवटी तिने युक्ती काढली. तिला कारखान्यातून पुठ्ठ्याची खोकी आणायची होती. "दादा, तुझ्याच ट्रकमधून चल ना," ती म्हणाली. दादा लगेच तयार.

निघतानाच तिच्या बाजूचं दार लागेना. तिने दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा आपटलं. दादाने तिच्या अंगावरून हात लांब केला, काचेच्या फटीत अंगठा घालून दार किंचित वर उचललं आणि ओढलं. खट्. "असं," तो म्हणाला आणि आपल्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलायला लागला. बोलता बोलता दोन बोटांनी समोरच्या फळीवर टकटक केलं. डिझेलचा पडलेला काटा वर आला. थोड्या वेळाने पुन्हा टकटक. बोलणं कुठेही तुटलं नाही.

चहाच्या दोन चांगल्या टपऱ्या त्याने मागे टाकल्या आणि उतारावरच्या एका कळकट टपरीपाशी गाडी उभी केली. चहा म्हणजे निव्वळ गरम पाणी.

"इथेच का रे?"

"इथेच थांबतो मी नेहमी."

कारखान्याच्या फाटकाशी बाकीचे ट्रक सरळ मागे घेऊन आत लागत होते. दादाने अख्ख्या इमारतीला वळसा घातला आणि पलीकडच्या फाटकातून नाक पुढे करून शिरला. खोकी चढेपर्यंत इंजिन चालूच. पहारेकरी दोनदा ओरडला, "बंद करा की, धुराने मरतोय!" दादाला ऐकूच आलं नाही.

तिच्या डोळ्यांसमोर आला तो स्वतःचा मिक्सर. डाव्या हाताने झाकण दाबायचं, भांडं जरा तिरपं धरायचं, की सुरळीत चालतो. नणंद आली की लावायला जाते आणि ओरडते, "वहिनी, हा बंद पडलाय!" आणि इतकी वर्षं ती सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आली होती की मिक्सरला काही झालेलं नाही.

परतीच्या वाटेवर तिने धीर केला.

"दादा, तू गाडी उतारावरच का लावतोस?"

"सवय."

"सपाटीला बंद केली तर सुरू होत नाही ना?"

"होते की! जरा ढकलावी लागते कधी कधी."

"आणि मागे?"

"मागे कशाला घ्यायची? पुढून रस्ता असतो ना!" तो हसला. मग हसू आटलं. "म्हणजे मी तुला फसवतोय?"

"नाही रे. तुला ते दिसतच नाही. गाडी बिघडत गेली आणि तू तिच्याबरोबर वाकत गेलास."

"शाळेत गप्प बसायचीस, तेच बरं होतं," दादा म्हणाला. पुढे त्याचा हात सवयीने फळीकडे गेला आणि टकटक न करता मध्येच थांबला.

गल्लीच्या तोंडाशी नवरा वाट बघत उभा होता, शेजारच्या इस्त्रीवाल्याला घेऊन. आज पक्कं होणार अशा थाटात त्याने स्वच्छ शर्टही घातला होता.

"काय मग, ठरलं?"

"आधी तुम्ही चालवा," ती म्हणाली. "मागे घेऊन दारात लावा."

नवरा उत्साहाने चढला. दादा खाली राहून सांगायला लागला आणि सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला. "एकदम दाबू नका हो! अर्धा दाबा, सोडा, मग पुन्हा... गिअर उचलून घ्या. उचलून! डावीकडे ओढतोय, तो ओढणारच, तुम्ही आधीच उजवीकडे धरा!"

गल्लीच्या तोंडाशी ट्रक आडवा झाला आणि गचकन बंद पडला. मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवायला लागले. इस्त्रीवाल्याने आणखी चौघांना गोळा करून ढकलला, तेव्हा कुठे तो सुरू झाला आणि वाट मोकळी झाली. नवरा उतरला तो घामाघूम.

"दादा, हा ट्रक आहे की रुसलेली सासू?"

"आमची सासू एवढी रुसत नाही हो," इस्त्रीवाला म्हणाला आणि सगळे हसले. दादाही हसला, पण तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"दादा, आम्हाला नको हा ट्रक," ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. नवऱ्यावर ढकलायचं नाही, हे तिने वाटेतच ठरवलं होतं.

"अगं, दुरुस्त करून बघू की," नवरा नरमला.

"नको. आपलं काम गल्लीबोळातलं. दर दारात मागे घ्यायचा, दर दारात बंद करायचा. हा दादाच्या हातचा आहे, तुमच्या नाही."

दादाने मान हलवली. "बरोबर बोलतेय ती, भावोजी." खोकी उतरवून दिली, चहा नको म्हणाला. चढताना डाव्या मांडीला खालून हात घालून त्याने पाय उचलला आणि क्लचवर ठेवला. ट्रक त्याच्या हाताखाली एका दमात निघाला.

तिने लगेच वहिनीला फोन लावला. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. "वहिनी, मी नको म्हटलं. मीच."

वहिनीने पलीकडे टीव्ही बंद केला. मग वहिनी म्हणाली, "तुझं चुकलं नाही गं. पण माझ्या हातातलं गेलं. आता हा माणूस म्हणेल, मलाच जमतो ना, मग मीच चालवतो. गुडघ्याचा बट्ट्याबोळ होईपर्यंत खाली उतरायचा नाही बघ."

तिने फोन ठेवला. मग कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या.

"आता कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"दादाकडे."

"अगं, तो अजून पोचलाही नसेल."

"म्हणूनच. रिक्षा करते. 'मीच चालवतो' असं तो म्हणायच्या आत दारात असायला हवं."

"आणि काय बोलणार?"

"माहीत नाही," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरायला लागली.